त्रिपुरीचे छायाचित्र

१९३९ साली भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील एक खेडे होते. कलकत्त्याहून नागपूरकडे येणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग त्याच्या जवळून जात असे, परंतु प्रवाशाने खिडकीतून मुद्दाम पाहावे असे तेथे काही नव्हते. दुर्ग जिल्हा त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड या द्विभाषी प्रांतात मोडत होता. प्रांताची राजधानी नागपूर, आणि त्याचे राजकारण मराठी व हिंदी अशा दोन प्रवाहांचे. काँग्रेसने या एका प्रांतात नागपूर, विदर्भ आणि महाकोशल अशा तीन प्रांतिक समित्या मानल्या होत्या. छत्तीसगड महाकोशलात येत होते. प्रांताचे मुख्यमंत्री, तेव्हाच्या भाषेत पंतप्रधान, रायपूरचे पं. रविशंकर शुक्ल, विधानसभेचे अध्यक्ष दुर्गचे घनश्यामसिंह गुप्त. त्या वर्षीच्या मार्चमध्ये काँग्रेसच्या बावन्नाव्या अधिवेशनाचे यजमानपद याच महाकोशलाकडे आले. स्थळ निवडले होते जबलपूरजवळचे त्रिपुरी. ही कलचुरींची प्राचीन राजधानी. छत्तीसगडातील रतनपूरचे कलचुरी ही याच घराण्याची शाखा. हे नाते लक्षात घेता, स्थळाची निवड छत्तीसगडलाही परकी नव्हती.

या अधिवेशनाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. काँग्रेसचे निर्वाचित अध्यक्ष सुभाषचंद्र बोस स्ट्रेचरवर आडवे पडलेले आहेत. भोवती नातलग आहेत, स्वयंसेवक आहेत. अध्यक्षाचे छायाचित्र म्हणून जे काही अपेक्षित असते, म्हणजे व्यासपीठ, उंचावलेला हात, समोरचा जनसमुदाय, त्यांपैकी येथे काहीच मध्यभागी नाही. मध्यभागी आहे एक आजारी माणूस. चित्र १९३९ च्या मार्चमधले आहे एवढे कळले की पाहणाऱ्याच्या मनात लगेच दुसरी तारीख उभी राहते, त्याच वर्षीच्या सप्टेंबरची. मग चित्रातला प्रत्येक चेहरा युद्धाच्या छायेत आल्यासारखा वाटू लागतो.

युद्धाच्या आदल्या काळातील राजकारण्यांच्या छायाचित्रांबाबत हे नेहमीच घडते. १९३८ च्या सप्टेंबरअखेर म्यूनिक येथे घेतलेले छायाचित्र पाहावे. चेंबरलेन, दलादिये, हिटलर, मुसोलिनी आणि चियानो एका रांगेत उभे आहेत. आज ते चित्र पाहणाऱ्याला चेंबरलेनच्या मुद्रेत भोळेपणा आणि दलादियेच्या मुद्रेत खिन्नता दिसते; पुढे काय झाले हे ठाऊक असल्यामुळे ती दिसणे सोपे जाते. स्वतः चेंबरलेन मात्र दुसऱ्याच दिवशी लंडनला परतून शांततेचा कागद लोकांना उंच धरून दाखवीत होते. चित्राचा खरा पुरावा चेहऱ्यांत नाही, तो अनुपस्थितीत आहे. ज्या चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीचा निर्णय झाला, त्या देशाचा माणूस रांगेत नाही. त्याचे प्रतिनिधी निकालाची वाट पाहत हॉटेलात बसून होते.

त्रिपुरीची चित्रेही याच पद्धतीने वाचावी लागतात. त्यांत कोण आहे याहून कोण नाही, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

त्यासाठी एक वर्ष मागे जाणे इष्ट आहे. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा नंदलाल बोस यांनी सजविलेल्या बैलगाडीच्या रथातून अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक निघाली होती. खेड्यात काँग्रेस भरविण्याबरोबर ही मिरवणुकीची पद्धतही रुळली. गुजरातेतील हरिपुरा येथे १९३८ च्या फेब्रुवारीत एक्कावन्नावे अधिवेशन झाले. तेथे नवे अध्यक्ष सुभाषबाबू एक्कावन्न बैलांच्या रथातून आले. त्याच अधिवेशनातील एक छायाचित्र आजही पाठ्यपुस्तकांतून दिसते: गांधीजी आणि सुभाषबाबू शेजारी बसलेले, दोघेही मनमोकळे हसणारे. काही दिवसांनी, ७ मार्च १९३८ च्या अंकात, अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने सुभाषबाबूंचे चित्र मुखपृष्ठावर छापले. एकेचाळीस वर्षांच्या या अध्यक्षाची प्रतिमा त्या वसंतात देशाबाहेरही पोचली होती.

त्रिपुरीला बैलांच्या जागी हत्ती आले. बावन्नावे अधिवेशन, म्हणून बावन्न हत्ती. परंतु रथात बसायला अध्यक्ष नव्हते. ते तापाने फणफणले होते. तेव्हा त्यांची मोठी प्रतिमा रथात ठेवण्यात आली आणि बावन्न हत्तींनी ती प्रतिमा ओढून नेली. मराठी वाचकाला येथे सिंहासनावरच्या पादुका आठवल्यावाचून राहणार नाहीत. मात्र भरताला राज्य नको होते. त्रिपुरीत प्रतिमेच्या मागून चालणाऱ्यांपैकी अनेकांना मूळ पुरुषच अध्यक्षपदी नको होता. एवढ्या थाटाची आणि एवढ्या अवघडलेल्या अर्थाची मिरवणूक काँग्रेसच्या इतिहासात दुसरी सापडणे कठीण.

हा अवघडलेपणा २९ जानेवारीच्या निवडणुकीतून आला होता. सुभाषबाबूंनी दुसऱ्यांदा उभे राहू नये अशी गांधीजींची आणि कार्यकारिणीतील बहुसंख्यांची इच्छा होती. तरी ते उभे राहिले आणि पट्टाभी सीतारामय्या यांचा त्यांनी दोनशेहून अधिक मतांनी पराभव केला. हा पट्टाभींपेक्षा आपलाच पराभव आहे, असे गांधीजींनी जाहीर केले. त्या एका निवेदनाने निवडणुकीचा अर्थ बदलला. फेब्रुवारीच्या मध्यास सुभाषबाबू वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. त्यानंतर ते आजारी पडले. २२ फेब्रुवारीला वर्ध्यास कार्यकारिणीची बैठक ठरली होती. येणे अशक्य असल्याचे पाहून सुभाषबाबूंनी ती पुढे ढकलावी असे तारेने कळविले. उत्तरादाखल वल्लभभाई, राजेंद्रप्रसाद, आझाद यांच्यासह बारा सभासदांनी राजीनामे दिले. महाराष्ट्राचे शंकरराव देव आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज यांचीही नावे त्या बारांत आहेत. त्रिपुरीला जाण्यापूर्वीच अध्यक्षांच्या भोवतीची माणसे निघून गेली होती. छायाचित्रात त्यांच्याजवळ प्रामुख्याने घरची माणसे दिसतात, यामागे केवळ शुश्रूषेचे कारण नाही.

दुखणे ब्राँको-न्यूमोनियाचे होते. वैद्यांनी प्रवासाला मनाई केली असतानाही सुभाषबाबू त्रिपुरीला आले, आणि तेथे आल्यावर त्यांच्या आजाराविषयीच शंका घेतली गेली. ताप वाढावा म्हणून काखेत कांदे तर ठेवले नाहीत ना, हे तपासा, अशी कुचेष्टाही झाल्याचे सांगितले जाते. महिन्याभरातच ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात सुभाषबाबूंनी आपल्या या विलक्षण आजारावर लेख लिहिला. त्यांच्या राजकीय लेखनात इतका खाजगी सूर क्वचितच उमटतो. त्रिपुरीतील वातावरणाने मनाला आलेला वीट त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितला आहे. आणि त्याच दिवसांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून अनोळखी माणसांनी पाठविलेली औषधे, ताईत, देवाचा अंगारा आणि फुले पाहून आपल्याला पुन्हा धीर आला, हेही नोंदविले आहे. स्ट्रेचरचे छायाचित्र पाहताना हा लेख हाताशी असावा. चित्रातला माणूस स्वतःच्या चित्राबद्दल काय म्हणत होता हे कळण्याची संधी इतिहासात वारंवार मिळत नाही.

अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र बोस यांनी वाचून दाखविले. भाषण अगदी छोटे आहे, परंतु युद्धाच्या दृष्टीने पाहता त्रिपुरीतील सर्वांत महत्त्वाचा कागद तोच. त्यात म्यूनिक कराराचा उल्लेख आहे. फ्रान्स आणि ब्रिटन यांनी नाझी जर्मनीपुढे पत्करलेली शरणागती असा त्या कराराचा अर्थ सुभाषबाबूंनी लावला आणि ब्रिटनची अडचण ती आपली संधी, या न्यायाने त्यापासून हिंदुस्थानाने घ्यावयाचा निष्कर्ष मांडला. ब्रिटिश सरकारला राष्ट्रीय मागणी निर्वाणीच्या खलित्याच्या रूपाने द्यावी, उत्तरासाठी निश्चित मुदत घालावी, आणि उत्तर आले नाही वा असमाधानकारक आले तर देशव्यापी सत्याग्रह सुरू करावा, असा तो प्रस्ताव होता. पुढे आपल्या ग्रंथात त्यांनी ही मुदत सहा महिन्यांची सांगितली आहे. अधिवेशन १० मार्चला सुरू झाले. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले ३ सप्टेंबरला. सहा महिन्यांना एक आठवडा कमी.

प्रतिनिधींनी या प्रस्तावावर काय केले? वस्तुतः त्यांचे लक्षच दुसरीकडे होते. त्रिपुरीत गाजला तो गोविंदवल्लभ पंतांचा ठराव. अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, असा त्याचा आशय. ज्यांच्या इच्छेचा हवाला दिला जात होता ते गांधीजी त्रिपुरीत नव्हतेच. राजकोट संस्थानच्या प्रश्नावर ३ मार्चला सुरू केलेले उपोषण ७ तारखेला सोडून ते तिकडेच थांबले होते. खुल्या अधिवेशनात बराच गोंधळ झाला. समाजवादी गट तटस्थ राहिला आणि त्यामुळे ठराव संमत होणे सोपे झाले. अशा रीतीने एका अनुपस्थित नेत्याच्या नावाने, दुसऱ्या आजारी नेत्याचे हात बांधले गेले. युरोपचा नकाशा बदलत असताना काँग्रेस कार्यकारिणी कोणी नेमावी या प्रश्नावर मते मोजीत होती. १५ मार्चला, म्हणजे अधिवेशन संपून तीनच दिवस झाले असता, जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले.

नागपूरच्या मराठी वाचकाने त्या काळी हा सर्व प्रकार कोणत्या आठवणीसह वाचला असेल, याचा विचार करणे आवश्यक आहे. आठच महिन्यांपूर्वी, जुलै १९३८ मध्ये, प्रांताचे पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री डॉ. ना. भा. खरे यांना जावे लागले होते. त्यांनी सहकाऱ्यांशी न जमल्यामुळे राजीनामा दिला, शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता या तीन महाकोशली मंत्र्यांनी मात्र राजीनामे देण्यास नकार दिला, गव्हर्नरांनी त्या तिघांना बडतर्फ केले, डॉ. खऱ्यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले आणि श्रेष्ठींच्या आदेशावरून काही दिवसांतच तेही सोडले. वर्ध्याच्या बैठकीत कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला, तेव्हा अध्यक्षस्थानी सुभाषबाबू होते. खरे प्रकरणात व्यक्तिगत महत्त्वाकांक्षा किती आणि मराठी-हिंदी तेढ किती, याचा वाद नागपुरात दीर्घकाळ चालला. येथे लक्षणीय आहे ती गोष्ट वेगळीच. पक्षशिस्तीचे जे हत्यार डॉ. खऱ्यांवर चालले ते चालविणाऱ्या अध्यक्षावरच वर्षभरात उलटले. २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष झाले. मेच्या आरंभी फॉरवर्ड ब्लॉक स्थापन झाला. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने सुभाषबाबूंना तीन वर्षे कोणत्याही निर्वाचित पदास अपात्र ठरविले. ती बैठकही वर्ध्याचीच. युद्ध तीन आठवड्यांवर आले होते.

३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे कोणालाही न विचारता जाहीर केले. ती बातमी आली तेव्हा सुभाषबाबू मद्रासला समुद्रकिनाऱ्यावरील सभेत बोलत होते. कोणताही खलिता गेला नव्हता, कोणतीही मुदत संपत नव्हती. काँग्रेस मंत्रिमंडळांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात राजीनामे दिले; मध्यप्रांतात शुक्लांचे आणि मुंबईत बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ गेले.

एवढ्यावरून त्रिपुरीत सुभाषबाबूंचे बरोबर आणि इतरांचे चुकले, असा सरळ निवाडा देण्याचा मोह होतो. मराठीत तो अनेकांनी दिलाही आहे. त्यात तथ्याचा अंश मोठा असला तरी तो पुरा नाही. काळाचा अंदाज सुभाषबाबूंचा खरा ठरला, हे निर्विवाद. परंतु लढा सुरू करण्याजोगी संघटना हाती आहे का, या प्रश्नावर गांधीजींचे उत्तर वेगळे होते. त्यांना हवेत हिंसेचा वास येत होता आणि काँग्रेसमध्ये शैथिल्य दिसत होते. एप्रिलमधील पत्रव्यवहारात त्यांनी हे सुभाषबाबूंना स्पष्ट कळविले. नेहरूंची अडचण तिसरीच होती. ते १९३८ मध्ये स्पेन आणि प्राग पाहून आले होते, आणि फॅसिझमच्या विजयात हिंदुस्थानची संधी शोधणे त्यांना मान्य नव्हते. सुभाषबाबू युरोपकडे ब्रिटनच्या अडचणीच्या बाजूने पाहत. त्या अडचणीचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे याचे मोल त्यांनी कमी केले, ही त्यांच्या दृष्टीची मर्यादा मानावी लागते. २८ मार्चला त्यांनी जामाडोबा येथील विश्रांतीतून नेहरूंना लिहिलेले प्रदीर्घ पत्र आणि त्यावरील नेहरूंचे ३ एप्रिलचे उत्तर हे या मतभेदाचे उत्तम दस्तऐवज होत. पुढे नेहरूंनी स्वतःच जुन्या पत्रांच्या संग्रहात ती पत्रे छापली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गोवालिया टँकवर गांधीजींनी ब्रिटिशांना चालते होण्यास सांगितले, तेव्हा युद्धाला तीन वर्षे होत आली होती आणि सुभाषबाबू बर्लिनमध्ये होते. दोघांची शेवटची भेट १९४० च्या जूनमध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला झाली होती.

स्ट्रेचरच्या छायाचित्रात यांतले काही दिसत नाही, आणि दिसण्याची अपेक्षाही चुकीची ठरेल. त्या काळचे वृत्तपत्रीय छायाचित्र जाळीतून ठिपक्यांत फोडले जाई, धातूच्या ठोकळ्यावर उतरे आणि खरबरीत कागदावर छापले जाई. चेहऱ्यावरचा ताप, घाम, संशय त्या ठिपक्यांत विरून जात. उरे ती ठेवण: कोण आडवे आहे, कोण उभे आहे, कोण वाकून पाहत आहे. पण तेवढ्यानेही हे चित्र हरिपुऱ्याच्या हास्यचित्राशेजारी ठेवले की तेरा महिन्यांत काय घडले याची कल्पना येते. पुढे सुभाषबाबूंचे जे चित्र घरोघरी आणि दुकानोदुकानी लागले ते लष्करी गणवेशातले, आझाद हिंद सेनेच्या सरसेनापतीचे. त्रिपुरीचे छायाचित्र ग्रंथांत आणि संग्रहालयांत राहिले. पराभूत झालेल्या, पण युद्धाची वेळ अचूक सांगणाऱ्या अध्यक्षाचे ते चित्र दिनदर्शिकेवर छापण्याजोगे नव्हते.

त्रिपुरीच्या राजकारणात एक गोष्ट जवळजवळ झाकली गेली, आणि ती भिलाईशी निगडित आहे. हरिपुऱ्याच्या अध्यक्षीय भाषणात सुभाषबाबूंनी स्वतंत्र हिंदुस्थानाला नियोजनाची गरज पडेल असे सांगितले होते. १९३८ च्या ऑक्टोबरात त्यांनी दिल्लीला काँग्रेस प्रांतांच्या उद्योगमंत्र्यांची परिषद बोलाविली आणि तीतून राष्ट्रीय नियोजन समिती निघाली. नेहरूंना तिचे अध्यक्षपद त्यांनीच दिले. चिटणीस झाले मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा. समितीची पहिली बैठक १९३८ च्या डिसेंबरात मुंबईत भरली व तिचे उद्घाटन सुभाषबाबूंनी केले. युद्धपूर्व वर्षाच्या वर्णनांत ही समिती एका ओळीत उरकली जाते. वास्तविक खलिता आणि नियोजन या एकाच अध्यक्षाच्या दोन मागण्या होत्या: एकीने सत्ता मिळवावयाची होती, दुसरीने ती चालवावयाची होती. पहिली त्रिपुरीत बाजूला पडली. दुसरी नेहरूंच्या हाती टिकली आणि स्वातंत्र्यानंतर नियोजन आयोगाच्या रूपाने पुढे चालली.

अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या या विचारातूनच सरकारी क्षेत्रातील पोलाद कारखाने उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी दहा लाख टन क्षमतेच्या कारखान्याचा करार झाला. जागा ठरली दुर्ग जिल्ह्यातील भिलाई. ती तेथे यावी यासाठी झटणाऱ्यांत प्रमुख होते मुख्यमंत्री पं. रविशंकर शुक्ल, त्रिपुरी काँग्रेसच्या वेळचे यजमान प्रांताचे मुख्यमंत्री. करार झाला तेव्हा राज्य अद्याप जुने मध्यप्रदेश होते आणि त्याची राजधानी नागपूरच होती. भिलाईच्या कारखान्याचे राज्यपातळीवरील पहिले कागद त्यामुळे नागपूरच्या सचिवालयाच्या काळातले आहेत. पुढच्या वर्षी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १९५६ च्या ३१ डिसेंबरला शुक्ल निवर्तले. कारखाना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, त्रिपुरीला वीस वर्षे पुरी व्हायला महिना उरला असताना, भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पंतप्रधान होते नियोजन समितीचे पहिले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. उद्घाटन केले राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी. सुभाषबाबूंनी १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात सोडलेल्या खुर्चीवर ज्यांना बसविण्यात आले होते, तेच राजेंद्रप्रसाद.